जिराफाचा गोतावळा

जिराफाची मान लांब का, असे कुणालाही विचारा. उत्तर तयार असते. उंच झाडांचा पाला खाता यावा म्हणून. शाळेत शिकलेले पुष्कळसे पुढे विसरले जाते, हे मात्र राहते. शास्त्राच्या पुस्तकात दोन चित्रे शेजारीशेजारी असत. एकात मान ताणून ताणून लांबवणारा लामार्कचा जिराफ, दुसऱ्यात आखूड मानेचे भाऊबंद उपाशी मेल्यावर मागे उरलेला डार्विनचा जिराफ. मान कशी लांबली, यावर दोघांचा वाद. कशासाठी लांबली, यावर वादच नाही, कारण दोन्ही चित्रांत झाड तेच आणि पालाही तोच.

माझे म्हणणे असे आहे की हे उत्तर उथळ आहे. ते साफ खोटे आहे असे मी म्हणत नाही. पाल्याचा मानेशी संबंध आहे आणि त्याला पुरावाही आहे. पण हे उत्तर अख्ख्या प्राण्याला एका अवयवात कोंबते आणि त्या अवयवाला एका उपयोगात. जिराफाची मान समजून घ्यायची असेल तर झाडाकडे पाहण्याआधी त्याच्या गोतावळ्याकडे पाहावे लागते. आज हयात असलेले नातेवाईक पाहावे लागतात आणि त्यांच्याहून किती तरी अधिक संख्येने जे दगड होऊन पडले आहेत, तेही. मान ही एका जुन्या, मोठ्या घराण्याच्या इतिहासातली घटना आहे. घराणे वगळून ती सांगता येत नाही.

१. डार्विनने आधी मणके मोजले

ज्या डार्विनच्या नावावर हे पाल्याचे स्पष्टीकरण खपते, त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ते नाही. तिथे जिराफाची शेपटी आहे, माश्या हाकलण्याच्या कामाची म्हणून. मानही आहे, पण वेगळ्याच संदर्भात : जिराफाच्या आणि हत्तीच्या मानेतल्या मणक्यांची संख्या सारखीच, हा सर्व सस्तन प्राण्यांच्या समान वंशाचा दाखला म्हणून. मान आणि पाल्याची सविस्तर चर्चा डार्विनने केली ती १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, सेंट जॉर्ज मिव्हार्ट या टीकाकाराला उत्तर देताना. त्याआधी १८५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने आपल्या निबंधात लांब मानेच्या जिराफांना दुष्काळात मिळणाऱ्या फायद्याचा उल्लेख केला होता आणि लामार्कने १८०९ मध्येच जिराफ उदाहरणाला घेतला होता. सांगायचा मुद्दा हा की डार्विनला ही मान प्रथम महत्त्वाची वाटली ती नात्याची खूण म्हणून.

ती खूण आजही तितकीच पक्की आहे. माणसाच्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात, जिराफाच्याही मानेत सातच. दोन मीटरची मान आणि मणके सात. म्हणजे एकेक मणका वीतभराहून मोठा. लांब मान नव्याने घडवायची असती तर मणके वाढवणे हा सरळ मार्ग होता. हंसाला तो जमला, त्याच्या मानेत वीसहून अधिक मणके असतात. सस्तन प्राण्यांना, स्लॉथ आणि मॅनाटी यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, तो मार्ग बंद आहे. जिराफाला जे सात मिळाले तेच ताणावे लागले. त्यातही एक युक्ती सापडते. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की जिराफाच्या छातीचा पहिला मणका बराच सैल हलतो आणि मानेची पोच अर्ध्या मीटरहून अधिक वाढवतो. तो मणका छातीचाच आहे, बरगडीही त्याला आहे, पण काम मानेचे करतो.

आता स्वरयंत्राकडे जाणारी एक नस घ्या. मेंदूपासून स्वरयंत्र हे अंतर जिराफाच्या बाबतीत काही इंचांचे. ही नस मात्र मेंदूतून निघते, सबंध मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा मान चढून स्वरयंत्राशी येते. जिराफात हा प्रवास चार मीटरच्या पुढे जातो. माणसात आणि शेळीतही ही नस असाच वळसा घालते. आपली मान आखूड असल्याने तो खुपत नाही, इतकेच. माशांसारख्या पूर्वजांत हीच वाट जवळची होती. पाल्याच्या गोष्टीत या नसेला कुठेच जागा नाही. गोतावळ्याच्या गोष्टीत ती पहिल्या पानावर आहे.

२. बाह्यरूपावरून नाते जुळत नाही

जिराफ कुणाचा कोण, हे ठरवताना माणसाने वारंवार डोळ्यांवर भिस्त ठेवली आणि वारंवार चुकला. ग्रीकांनी त्याला उंट आणि बिबट्या यांचे जोडनाव दिले. फारसीत उंट, गाय आणि बिबट्या अशी तिघांची मोळी बांधली. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला हरणांच्या प्रजातीत टाकले. त्यातल्या त्यात हाच अंदाज जवळचा होता.

सर्वांत बोलकी चूक ओकापीची. काँगोतल्या इतुरीच्या अरण्यात राहणारा हा प्राणी युरोपच्या शास्त्राला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कळला. युगांडातला ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन त्याच्या मागावर होता. मांडीवरच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांमुळे हा अरण्यातला झेब्रा असणार, असे त्याने मनाशी धरलेले. तिथल्या लोकांनी त्याला मातीत उमटलेला ओकापीचा माग दाखवला. माग दुभंगलेल्या खुराचा होता, गाईच्या खुरासारखा. घोड्याचा खूर अखंड असतो. म्हणून जॉन्स्टनने माग खोटा ठरवला आणि मनातला घोडा खरा ठरवला. त्याने पाठवलेल्या कातड्याच्या पट्ट्यांवरून लंडनमध्ये १९०१ मध्ये या प्राण्याला घोड्याच्या प्रजातीतले नावही मिळाले. पुढे त्याच वर्षी पुरे कातडे आणि कवट्या आल्या आणि घोडा निकालात निघाला. तो जिराफाचा सख्खा नातेवाईक निघाला. या कुळात आज या दोनच प्रजाती जिवंत आहेत. चिखलातला खूर खरे बोलत होता. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना तो वाचता येत होता आणि त्यांचे कुणी ऐकले नाही, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत लागते.

जिराफ समखुरी आहे. गाय, म्हैस, शेळी, सांबर, डुक्कर, उंट, पाणघोडा हे सगळे त्याच गणातले. घोडा, गेंडा आणि टापीर विषमखुरी. त्यांचे गोत निराळे. समखुरींची खरी खूण खुरात नसून घोट्यात असते. घोट्यातल्या एका हाडाला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी कप्पीसारखी खाच असते. पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत हेच दुहेरी कप्पीचे हाड मिळाले आणि जनुकांनी आधीच जे सुचवले होते ते पक्के झाले. देवमासा पाणघोड्याचा जवळचा आप्त आहे. म्हणजे ज्याला खूरच उरला नाही तो देवमासा जिराफाला घोड्यापेक्षा नात्याने जवळ आहे.

डोक्यावरच्या शिंगांचेही असेच. मराठीत आपण सगळ्यांनाच शिंगे म्हणतो, पण ती चार तऱ्हांची असतात. गाय, गवा आणि काळवीट यांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, वर नखासारख्या द्रव्याची खोळ. ते जन्मभर टिकते. सांबर आणि चितळ यांची शिंगे निव्वळ हाडाची, ती दरसाल गळतात. सांबराची गळलेली शिंगे सह्याद्रीतल्या वाटांवर सापडतात, काळविटाची तशी सापडत नाहीत, याचे कारण हेच. अमेरिकेतल्या प्राँगहॉर्नमध्ये हाड टिकते आणि वरची खोळ दरसाल पडते. जिराफाची तऱ्हा चौथी : हाडाचे खुंट, वर केसाळ जिवंत कातडे. वासरू जन्मते तेव्हा हे खुंट कुर्चेचे असतात आणि डोक्यावर मागे पडलेले असतात, कवटीला जोडलेलेही नसतात. पुढे ते हाडाचे होतात आणि मग कवटीला चिकटतात. जनुकांवरून पाहिले तर हरीण आणि गाय यांच्यापेक्षा हा प्राँगहॉर्नच जिराफकुळाला अधिक जवळचा दिसतो. बांधा, वेग, राहणी, खंड सगळेच भिन्न असूनही.

३. शिवालिकमधली भावकी

जिराफ म्हटले की आपण आफ्रिका म्हणतो. आजच्यापुरते ते खरे आहे. पण या कुळाच्या थोरल्या पात्या आशियात नांदल्या आणि त्यांतल्या काही आपल्याच भूमीवर.

१८३६ मध्ये ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या एका प्रचंड कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता, कॉटली कालव्यांचा इंजिनिअर. त्यांनी प्राण्याला नाव दिले शिवाथेरियम, म्हणजे शिवाचा पशू. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या : पुढची डोळ्यांवर सुळक्यासारखी, मागची रुंद, पसरट. त्याला सोंड असावी असे त्यांना वाटले. कवटीचा अवाढव्य आकार पाहता त्या काळात ते स्वाभाविक होते. २०१६ मध्ये संगणकावर सांगाडा उभारून वजन काढले गेले ते सव्वा टनाच्या आसपास. हत्तीएवढा नव्हे, तरी रवंथ करणाऱ्यांत आजवरचा एक सर्वांत भारी प्राणी. आणि त्याची मान? आखूड, जाड, भक्कम.

१८४५ मध्ये फाल्कनरनेच खंभातच्या आखातातल्या पिरम बेटावरच्या अशाच एका चारशिंगी नातेवाइकाला ब्रह्माथेरियम म्हटले. १८७६ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ लिडेकरने ब्रह्मदेशातल्या अवशेषांना विष्णुथेरियम हे नाव दिले. जिराफाच्या कुळात ब्रह्मा, विष्णू, महेश तिघेही आहेत आणि आपल्या शाळांत त्यांतल्या एकाचेही नाव कुणी घेत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे शिवालिकमध्ये खरा लांब मानेचा जिराफही होता. जिराफा सिवालेन्सिस या नावाने तो ओळखला जातो आणि ज्या नमुन्यावर हे नाव उभे आहे तो मानेचा मणकाच आहे. या टेकड्यांच्या थरांत आखूड मानेचे आणि लांब मानेचे असे दोन्ही भाऊबंद मिळतात.

आता या साऱ्या पात्या एकत्र मांडा. ओकापीची मान सुमारे ६० सेंटिमीटर. ग्रीसच्या सामोस बेटावरून ज्याला नाव मिळाले त्या सामोथेरियमची सुमारे एक मीटर. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी आखूड आणि लांब यांच्या मधोमध उभा आहे. जिराफाची दोन मीटर. २०१५ च्या एका अभ्यासात या कुळाचे मणके ओळीने मोजले गेले. मान एका दमात लांबली नाही, असे त्यातून निघाले. मणक्यांचा डोक्याकडचा भाग आधी ताणला गेला, धडाकडचा फार पुढे, आणि हे दोन्ही टप्पे पूर्ण केले ते फक्त आजच्या जिराफाच्या शाखेने. काही शाखांत मान उलट आखूड झाली. शिडीसारखी पायरीपायरीने वर जाणारी आकृती इथे निघत नाही. एक फांदी वर गेली, एक जाड झाली, एक अरण्यात शिरून जवळपास आहे तशी राहिली. बाकीच्या सुकल्या.

वर गेलेली फांदी उरली म्हणून तीच घराण्याचा हेतू होती असे समजणे ही विचाराची मोठी चूक आहे. शिवाथेरियम आज जिवंत असते आणि जिराफ दगडात असता, तर याच कुळाची मान जाड का, असा प्रश्न आपण मुलांना घातला असता.

४. मानेची किंमत

पाल्याच्या गोष्टीत लांब मान हा निखळ लाभ आहे. शरीर वेगळे सांगते. मेंदू हृदयापासून दोन मीटर वर असेल तर रक्त तिथवर चढवावे लागते. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो. हृदयाची डावी भिंत जाड, पायांचे कातडे घट्ट आवळलेले, नाहीतर तेवढ्या दाबाने पाय सुजून जातील. डोके खाली आणले की उलटी अडचण. तिथे झडपा आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जाळे कामी येते. माणसाचे हृदय आणि मूत्रपिंडे या दाबाने निकामी होतात, जिराफाची कशी होत नाहीत? २०२१ मध्ये चिनी आणि डॅनिश संशोधकांनी जिराफाच्या एका जनुकातले बदल उंदरांत उतरवले. ते उंदीर उच्च रक्तदाबाच्या दुष्परिणामांना बऱ्याच अंशी पुरून उरले, आणि त्यांची हाडेही अधिक भक्कम झाली. एकच जनुक सांगाडा आणि रक्ताभिसरण या दोन्हींत हात राखून असतो, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. मान एकटी लांबतच नाही. तिच्याबरोबर सबंध प्राणी बदलतो.

जिराफ पाणवठ्यावर कसा पितो ते पाहा. इतकी लांब मान, तरी तोंड जमिनीला पोचत नाही, कारण पाय मानेहूनही उंच गेले आहेत. मग तो पुढचे पाय हळूहळू, थोडे थोडे करत फाकवतो, गुडघे बाहेर ढळतात, खांदे उतरतात, आणि तेव्हा कुठे ओठ पाण्याला लागतात. त्या अवस्थेत त्याला पटकन पळता येत नाही, आणि सिंह हे जाणतो. मान आणि पाय यांचे गणित पुरते जुळलेले नाही. ज्याचा हेतू आधी ठरलेला असतो ते काम असे अर्धवट राहत नाही. ज्याला इतिहास असतो ते राहते.

५. पाला, झुंज आणि मादीची मान

तरी मान लांबली ती कशामुळे? १९९६ मध्ये सिमन्स आणि शीपर्स या संशोधकांनी पाल्याच्या मताला उघड आव्हान दिले. कोरड्या दिवसांत, म्हणजे जेव्हा उंचीचा फायदा सर्वाधिक व्हायला हवा तेव्हाच, जिराफ बहुधा खांद्याच्या उंचीवर चरतात; माद्या तर निम्म्याहून अधिक वेळ मान आडवी ठेवून खातात. नर मात्र मानेने झुंजतात, डोके गदेसारखे फिरवून एकमेकांच्या अंगावर आदळतात. म्हणून मान हे झुंजीचे हत्यार असावे, असे त्यांचे मत. २०२२ मध्ये चीनच्या झुंगर खोऱ्यातून सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा डिस्कोकेरिक्स प्रसिद्ध झाला. जिराफाच्या गोतातला हा प्राणी डोक्यावर चकतीसारखे टणक शिरस्त्राण वागवी आणि त्याच्या मानेचे सांधे टक्कर झेलायला घडले होते. झुंजीची परंपरा या गोतात जुनी आहे.

पण झुंजीचे मतही निर्विवाद नाही. झुंजीसाठीच मान लांबली असती तर नराची मान प्रमाणाने मादीहून खूप लांब हवी. मोजमापांत तसे दिसले नाही, आणि २०२४ च्या एका अभ्यासात तर शरीराच्या मानाने माद्यांचीच मान अधिक लांब निघाली. पंधरा महिने पोटात वासरू वाढवणाऱ्या, मग त्याला पाजणाऱ्या मादीची भूक हे कारण त्यातून पुन्हा पुढे आले. पाला परत आला, पण वेगळ्या वाटेने. मला हे या साऱ्या वादातले सर्वांत मोलाचे वळण वाटते, कारण दीडशे वर्षे जिराफ म्हणून डोळ्यांपुढे नरच उभा होता.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे. २००७ मध्ये कॅमेरॉन आणि दु तोइत या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेत झाडांभोवती कुंपणे घालून बुटक्या प्राण्यांना दूर ठेवले आणि दाखवले की खाली इतर प्राण्यांनी पाला ओरबाडलेला असतो म्हणून जिराफाला वर दर घासाला अधिक पाला मिळतो. मग पाल्याचे उत्तर उथळ कसे? हा प्रयोग मी मानतो. त्यातून आज उंचीचा फायदा होतो हे सिद्ध होते; मान कुठून आणि कोणत्या क्रमाने आली, हे त्यातून निघत नाही. आणि उंच पाला हा प्रश्न असेल, तर उत्तरे अनेक आहेत. पूर्व आफ्रिकेतले गेरेनुक हरीण मागच्या पायांवर उभे राहते. हत्ती सोंडेने फांदी मोडतो. माळावरची आपली शेळी बाभळीला पुढचे पाय टेकून उभी राहते आणि काट्यांतून शेंग अलगद ओढते. तिची मान कुठे लांबली? त्याच प्रश्नाला जिराफाच्या गोताने हे उत्तर का दिले, हे त्या गोताच्या हाडांवरूनच कळेल, झाडावरून कळणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. मुलांना सोपी गोष्ट हवी, एवढे गुंतागुंतीचे कशाला? हा आक्षेप मला मान्य नाही. ‘सगळ्यांच्या मानेत सातच मणके’ हे वाक्य ‘पाल्यासाठी मान लांब’ याच्या इतकेच सोपे आहे. मूल स्वतःच्या मानेवरून हात फिरवून ते पडताळायला जाते. पाल्याच्या गोष्टीत पडताळण्यासारखे काही नसते, फक्त पाठ करण्यासारखे असते.

७. एक जिराफ की चार

उथळपणाचा तोटा पुस्तकापुरता राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. जिराफ म्हणजे एक मान, एक प्राणी, आफ्रिकेत मुबलक. या समजुतीमुळे त्याची घट कुणाला दिसली नाही. १९८५ च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेले जिराफ २०१५ पर्यंत एक लाखाच्या आत आले आणि २०१६ मध्ये ते धोक्याच्या यादीत गेले. हत्ती आणि गेंडा यांच्याबद्दल जग ओरडत होते, त्याच काळातली ही गोष्ट. जनुकांच्या अभ्यासाने पुढे दाखवले की ठिपक्यांच्या तऱ्हांआड एक नव्हे, चार निरनिराळ्या जाती आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२५ मध्ये त्या चार मान्य केल्या : उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी. एकूण बेरजेत जो आकडा बरा दिसत होता, तो चार वाट्यांत विभागल्यावर उत्तरी जिराफाच्या वाट्याला काही हजारच उरतात. नायजरमधला पश्चिम आफ्रिकी जिराफ १९९० च्या दशकात पन्नासाच्या आत आला होता. तिथल्या गावकऱ्यांनी आणि सरकारने राखला म्हणून तो आज काहीशेंवर आहे.

ओकापीची अवस्था याहून बिकट. त्याची मान आखूड, त्यामुळे तो गोष्टीत बसत नाही आणि कुणाच्या ध्यानीही नसतो. २०१३ पासून तो संकटग्रस्त आहे. जून २०१२ मध्ये सशस्त्र टोळीने काँगोतल्या एपुलू येथील ओकापी संवर्धन केंद्रावर हल्ला केला, त्यात वनरक्षकांसह माणसे मारली गेली आणि तिथे पाळलेले १४ ओकापीही गेले. जिराफाच्या कुळातली जिवंत अशी दुसरी प्रजाती एवढीच आहे. ती गेली की जिराफाचा एकही सख्खा उरणार नाही.

म्हणून शिक्षकांना आणि घरी मुलांना शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. फळ्यावर जिराफ काढाल तेव्हा त्याच्या एका बाजूला ओकापी काढा, दुसऱ्या बाजूला शिवालिकचा चारशिंगी शिवाथेरियम काढा, आणि तिघांच्याही मानेत सात सात मणके मोजून भरा. झाड सर्वांत शेवटी काढा.